आरमाराचा तनखा : आज्ञापत्रांतील एका नियमाची परीक्षा

१

मराठी आरमाराविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत लढायांचा भाग मोठा आणि जमाखर्चाचा भाग अगदीं लहान, असें प्रमाण सर्वत्र दिसतें. खांदेरीची झुंज, कान्होजी आंग्र्यांचे पराक्रम, विजयदुर्गाची आग, आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें धरलेलें 'रेंजर' जहाज, हे प्रसंग वाचकांस तोंडपाठ आहेत. परंतु या आरमारास दरसाल पैसा कोठून येत असे, तो कोणाच्या हातून जात असे, व तो न पोंचल्यास काय होत असे, हे प्रश्न क्वचित् विचारले जातात. लढाईचें वर्णन बखरकारानें लिहून ठेविलें. हिशेबाचा कागद रुमालांत पडून राहिला, किंवा वाळवीनें खाल्ला.

हा दोष केवळ अपूर्णतेचा नाहीं. त्यामुळें एक अर्धवट निर्णय रूढ होऊन बसला आहे. मराठ्यांचें आरमार १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत एका दिवसांत जळालें, आणि त्याचें पाप इंग्रजांस मदतीस घेणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या माथीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पेशव्यांचा दोष आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जळालें तें आरमार कोणत्या तिजोरीवर जगत होतें, आणि ज्यानें तें जाळलें तें कोणत्या तिजोरीवर, हें पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा निवाडा पुरा होत नाहीं. तो करण्याचें माप आपल्याच घरीं आहे. तें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सांपडतें.

२

आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्याचे कर्ते म्हणून परंपरेनें ज्यांचें नांव येतें ते रामचंद्रपंत शिवछत्रपतींच्या प्रधानमंडळांत अमात्य होते. पुढें राजाराममहाराज जिंजीस असतां हुकुमतपन्हा या पदानें त्यांनींच महाराष्ट्राचा कारभार राखिला. अर्थात् ग्रंथांतील नियम हे पोथींतून उतरलेले नसून चाळीस वर्षांच्या कारभारांत घांसून निघालेले आहेत. आरमारावरील प्रकरण ग्रंथाच्या शेवटीं येतें, आणि त्यांत आरमारास राज्याचें एक स्वतंत्र अंग म्हणून गणिलें आहे, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच प्रकरणांतील पैशाच्या नियमाकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

तो नियम थोडक्यांत असा. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावा. पैदास्तीवर त्याची नेमणूक सहसा करूं नये. येथें तनखा म्हणजे ठरलेल्या महालांच्या उत्पन्नांतून तोडून दिलेली कायमची रक्कम, आणि पैदास्त म्हणजे आरमारानें समुद्रावर स्वतः मिळविलेलें उत्पन्न, असा अर्थ आम्ही घेतों. कारणही अमात्यांनीं तेथेंच दिलें आहे. पैदास्तीवर पोट असलें म्हणजे आरमारकरी सावकारास, म्हणजे दर्यावर्दी व्यापाऱ्यास, उपद्रव देणार. त्यानें सावकारी बुडणार. आणि राज्यास तर बंदरें नांदतीं हवींत. ज्या व्यापाराच्या रक्षणासाठीं आरमार उभें करावयाचें तोच व्यापार आरमारानें खाऊन टाकावा, ही विपरीतता अमात्यांनीं ओळखली होती.

प्रकरणांतील इतर नियम याच दृष्टीनें वाचले असतां त्यांचा अर्थ अधिक खुलतो. जहाजें फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावांचून जीं हलत नाहींत असलीं अवजड जहाजें करण्याचें प्रयोजन नाहीं, असें अमात्य सांगतात. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, व सर्वांनीं सरसुभ्याच्या आज्ञेंत वागावें. ही केवळ युद्धाची रचना नव्हे; किती जहाजांस किती तनखा लागेल हें आधीं ठरवितां यावें, अशी ती हिशेबाचीही रचना आहे. पावसाळ्याची छावणी दरसाल एकाच बंदरीं करूं नये, या नियमांत एकाच गांवावर आरमारकऱ्यांचा भार व उपद्रव वर्षानुवर्षे पडूं नये ही काळजी दिसते. लाकडाविषयींचा नियम तर प्रसिद्धच आहे. सागवानादि लाकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावें, कमी पडेल तें परमुलखांतून खरेदी करावें. आंबे, फणस हीं झाडेंही आरमाराच्या कामाचीं, परंतु त्यांस हात लावूं नये, कारण तीं वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. सारांश, आरमाराचा भार कोणावर पडावा व कोणावर पडूं नये, हाच या सर्व प्रकरणाचा कणा आहे.

३

आतां हा नियम शिवकालांत कितपत चालत होता तें पाहूं.

कल्याण व भिवंडी १६५७ सालीं महाराजांच्या हातीं आलीं, आणि दोन वर्षांच्या आंतच, १६५९ सालीं, गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस त्या भागांत महाराज लढाऊ जहाजें बांधवीत असल्याची चिंता लागली. त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कसबी व त्याच्या हाताखालचे लोक होते; वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस फोडून परत नेलें. पाश्चात्त्य बांधणी शिकून घेण्याचा उद्योग आरमाराच्या पहिल्या दिवसापासून होता, हें यावरून सिद्ध होतें. जुनें तें धरून बसण्याचा दोष या आरमाराच्या संस्थापकावर येत नाहीं. सहा वर्षांनंतर, १६६५ च्या फेब्रुवारींत, बसरूरच्या स्वारीस निघालेल्या आरमारांत ८५ लहान लढाऊ जहाजें व ३ मोठीं जहाजें होतीं, असें कारवारकर इंग्रजांच्या पत्रावरून दिसतें. सभासद बखरींतील दोनशे जहाजांच्या एकेक सुभ्याशीं हा आंकडा जुळत नाहीं. परंतु स्वारीवर निघालेलीं जहाजें व सर्व बंदरांतून मिळून असलेलीं जहाजें या दोन वस्तू निराळ्या आहेत, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे दोहोंपैकीं एकास खोटें ठरविण्याची गरज राहत नाहीं.

या जहाजांचा पैसा कोठून येत होता याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास १६७५ च्या जानेवारींत गेलेलें महाराजांचें पत्र. हें पत्र आज सर्वांस ठाऊक आहे, परंतु तें बहुधा ब्राह्मण अधिकाऱ्याचा मुलाहिजा न राखण्याचें उदाहरण म्हणून सांगितलें जातें. आमच्या मतें तें त्याहून मोठ्या गोष्टीचें साधन आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठीं राजपुरीसमोर पद्मदुर्गाचें काम चाललें होतें, आणि दौलतखान व दर्यासारंग हे आरमारासह त्या कामाच्या रक्षणास होते. त्यांच्या खर्चासाठीं पैसा व गल्ला प्रभावळीच्या महालावर नेमून दिला होता. सुभेदारानें तो पोंचविला नाहीं. त्यावर महाराजांनीं त्यास विचारिलें तें असें कीं, आरमारास मदत न करण्याबद्दल हबशानें तुला पैसा देऊन आपला चाकर केला आहे काय.

या पत्रावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अमात्यांचा नियम ही नवी कल्पना नसून शिवकालांतील वहिवाट होती. आरमारास मुलखावर नेमणूक होत असे. दुसरी, नेमणूक करणें व ती किनाऱ्यावर पोंचणें यांत अंतर असे, आणि तें अंतर एका सुभेदाराच्या आळसानेंही वाढूं शके. तिसरी, हें अंतर महाराजांनीं साधी हयगय मानिली नाहीं. शत्रूस केलेलें साह्य मानिलें. ज्या राज्यकर्त्यास आपल्या गलबतांवरील गल्ला संपत आल्याची खबर असते, व तो कोणत्या महालानें अडविला हेंही ठाऊक असतें, त्याचेंच आरमार चालतें.

याच्या जोडीस १६७१ सालचें कुडाळच्या सरसुभेदारास गेलेलें मिठाच्या जकातीचें पत्र ठेवावें. बारदेशचें मीठ संगमेश्वराकडे स्वस्त जाऊं लागलें, तर कुडाळचें मीठ पडून राहील व व्यापारी बारदेशाकडे वळतील. यासाठीं त्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी त्यांत आज्ञा आहे. म्हणजे बंदरें राखावीं, बंदरांनीं मुलूख भरावा, मुलखानें आरमार पोसावें व आरमारानें बंदरें राखावीं, अशी ही साखळी होती. अमात्यांनीं पुढें लिहिला तो नियम या साखळींतील एक कडी होय.

४

महाराजांच्या मागें ही साखळी तुटली. १६८९ नंतर राज्याचा खजिनाच फिरस्ता झाला. छत्रपति जिंजीस, कारभारी सह्याद्रींत, आणि कोंकणांतील महाल कधीं मोंगलांच्या तर कधीं सिद्दीच्या हातीं. अशा वेळीं किनारा राखिला तो कान्होजी आंग्रे यांनीं. हुजुरांतून वरात येण्याची वाट पाहत बसते तर त्यांचें आरमार एका पावसाळ्यांत कुजलें असतें. त्यांनीं समुद्रावरच आपला खर्च भागविला. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांस दस्तकें दिलीं, त्यांचा पैसा घेतला, आणि दस्तकावांचून जाणारें जहाज धरलें.

पाश्चात्त्य ग्रंथकार यास चांचेगिरी म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. समुद्रावर परवाने विकण्याची रीत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीं आणिली, आणि इंग्रजही आपल्या आश्रितांस परवाने देत. जो हक्क एकास आहे तो दुसऱ्यास नाहीं, असें म्हणण्यास आधार काय? परंतु हक्क असणें एक, आणि त्या हक्काच्या पैशावर आरमार चालविणें दुसरें. अमात्यांचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीस आहे.

१७१३-१४ च्या हंगामांत बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें कान्होजी शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले, आणि सरखेलीसह कोंकणांतील किल्ले व त्यांखालचा मुलूख त्यांजकडे कायम झाला. आज्ञापत्र लिहिलें गेलें तें यानंतर एकदोन वर्षांतच, आणि तें कोल्हापूरच्या दरबारीं. कान्होजी गेले तो पक्ष साताऱ्याचा. तेव्हां पैदास्तीवरील नेमणुकीचा निषेध करतांना अमात्यांच्या डोळ्यांपुढें आंग्र्यांचें आरमार असावें, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे, हें आम्ही स्पष्ट सांगतों. ग्रंथांत आंग्र्यांवर रोख धरलेला नाहीं.

कान्होजींच्या हयातींत मात्र अमात्यांची भीति खरी ठरली नाहीं. १७१७ त विजयदुर्गावर व १७१८ त खांदेरीवर मुंबईकर इंग्रजांनीं केलेल्या स्वाऱ्या फसल्या. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, आणि त्यांच्या बरोबर मॅथ्यूज याच्या हाताखालीं खुद्द इंग्लंडच्या राजाचीं जहाजें होतीं. तरीही त्यांस हात हालवीत परतावें लागलें. हा प्रसंग आमच्या विवेचनास प्रतिकूल आहे, म्हणून त्याचा उल्लेख टाळणें योग्य नव्हे. त्याचा खुलासा आम्ही असा करतों. त्या वेळीं किल्ले, मुलूख, दस्तक व जहाजें हीं चारही एका हातांत होतीं, आणि जमिनीवरून बाजीराव पेशव्यांची फौज कान्होजींच्या साह्यास उभी होती. पैदास्त कमी पडली तर मुलूख होता, मुलूख अडचणींत आला तर छत्रपतींची फौज होती. पैदास्त हा त्या आरमाराचा एक पाय होता. दुसरा पाय जमिनीवर होता.

५

१७२९ सालीं कान्होजी वारले, आणि तो दुसरा पाय हळूहळू निखळला. सेखोजी १७३३ त गेले. संभाजी व मानाजी या भावांत कलह लागला, व १७३५ त बाजीरावांनीं मानाजीकडे कुलाबा आणि संभाजीकडे दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू अशी वांटणी करून दिली. दरबारच्या राजकारणास ती सोईची असेल; आरमाराच्या दृष्टीनें पाहतां मुलखाचा तनखा दुभंगला, आणि दोन्ही घरांस एकमेकांविरुद्धही जहाजें ठेवणें भाग पडलें. खर्च वाढला, तनखा घटला. राहिलेली तूट भरण्यास पैदास्तीशिवाय दुसरें साधन नव्हतें.

पैदास्तीचा एक मोहक गुण असा कीं, ती येते तेव्हां एकदम येते. त्याच वर्षाच्या अखेरीस, १७३५ च्या डिसेंबरांत, संभाजीनें इंग्रज कंपनीचें 'डर्बी' हें मोठें जहाज धरलें, आणि त्याबरोबर जहाजबांधणीच्या उपयोगाचा पुष्कळ सरंजाम त्याच्या हातीं आला. असें एखादें जहाज सांपडलें म्हणजे एका वर्षांत दहा वर्षांची सुधारणा होते. परंतु पुढील वर्षाची तरतूद त्यानें होत नाहीं. तुळाजीच्या कारकीर्दींत हें अधिकच स्पष्ट झालें. त्याच्या गोदींत मोठीं जहाजें तयार होत होतीं, इंग्रजांकडून घेतलेलें 'रिस्टोरेशन' त्याच्या ताफ्यांत होतें, आणि सामर्थ्यांत तो बापाहून उणा नव्हता. परंतु ज्यांच्या जहाजांवर हें आरमार पोसलें जात होतें ते सर्व त्याचे वैरी झाले होते, आणि जमिनीवर पाठ राखणारा पुण्याचा दरबारही त्याचा वैरी झाला होता. अमात्यांनीं सावकारी बुडेल असें लिहिलें होतें. येथें सावकारी बुडण्याआधीं सावकारांनीं सरकारें उभीं केलीं.

१७५५ च्या मार्चांत पेशवे व मुंबईकर यांचा तह झाला. एप्रिलांत जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. १२ तारखेस तोफांचा मारा चालू असतां 'रिस्टोरेशन' पेटलें, त्याची आग लगतच्या गुराबांस लागली, आणि बंदरांत एकत्र बांधून ठेविलेलें सर्व आरमार जळून गेलें. बांधणीवर असलेलीं जहाजेंही वांचलीं नाहींत.

६

आतां वॉटसनच्या जहाजांची तिजोरी पाहूं. हीं जहाजें मुंबईकर कंपनीचीं नव्हतीं, आणि आंग्र्यांसाठीं पाठविलेलींही नव्हतीं. कर्नाटकांत फ्रेंचांशीं चाललेल्या झगड्यासाठीं इंग्लंडच्या सरकारनें तीं १७५४ त रवाना केलीं होतीं. मुंबईस असतां मिळालेल्या सवडींत त्यांनीं विजयदुर्गाचें काम उरकलें. आंग्र्यांचें सर्वस्व ज्यानें जळालें तें शत्रूच्या आरमाराचें एक दूरचें पथक होतें.

असें आरमार इंग्रजांपाशीं पूर्वीपासून नव्हतें. १६९० सालीं बीची हेडच्या लढाईंत फ्रेंचांनीं इंग्रज व डच यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला, आणि नवें आरमार बांधण्यास इंग्लंडच्या राजापाशीं पैसा नव्हता, पतही नव्हती. १६९४ त तेथें एक युक्ति निघाली. सावकारांनीं मिळून सरकारास १२ लक्ष पौंड कर्ज दिलें, त्याबद्दल त्यांस पेढी चालविण्याची सनद मिळाली, आणि तीच बँक ऑफ इंग्लंड. व्याज दरसाल दरशेंकडा ८. कर्जाचा मोठा भाग आरमाराकडे गेला. परंतु आमच्या दृष्टीनें खरा मुद्दा व्याजाच्या तरतुदीचा आहे. जहाजांच्या वजनावरील व मद्यावरील कर पार्लमेंटनें कायद्यानें या व्याजास नेमून दिले. व्याज व व्यवस्थाखर्च मिळून दरसाल १ लक्ष पौंड त्या करांतून सावकारांस जात.

ही व्यवस्था म्हणजे अमात्यांच्या नियमाचेंच दुसरें रूप नव्हे काय? आरमाराचा खर्च समुद्रावरच्या लाभावर न टाकतां मुलखाच्या ठरीव करावर टाकिला. आणि सावकारास नाडण्याऐवजीं त्याच्याकडूनच कर्ज काढून त्याचा स्वार्थ आरमाराच्या स्वार्थाशीं बांधिला. अमात्यांस सावकारी राखावयाची होती. इंग्रजांनीं ती राखून शिवाय कामास लाविली. या पायावरच पुढें एकेक जहाजास प्रचंड खर्च करणें त्यांस शक्य झालें. १७६५ त पाण्यांत उतरलेल्या 'व्हिक्टरी' या एका जहाजास ६३,००० पौंडांहून अधिक खर्च आला.

विजयदुर्गांत इंग्रजांस सुमारें १० लक्ष रुपये, म्हणजे अजमासें १ लक्ष पौंड, लूट मिळाली. ती त्यांच्या अधिकाऱ्यांनीं आधींच आपसांत ठरविल्याप्रमाणें वांटून घेतली, पेशव्यांस कांहीं दिलें नाहीं. आंग्र्यांच्या दोन पिढ्यांच्या पैदास्तीचें जें शिल्लक राहिलें होतें, तें इंग्लंडच्या पहिल्या कर्जाच्या एका वर्षाच्या नेमणुकीएवढें भरतें. इंग्रज खलाशीही लुटीवर डोळा ठेवूनच लढत, हें खरें. पण लूट हें त्यांचें बक्षीस होतें. त्यांच्या जहाजांची शिधासामुग्री तीवर अवलंबून नव्हती. लूट न मिळती तरी वॉटसनचीं जहाजें पुढील महिन्यांत उपाशीं राहिलीं नसतीं.

७

विजयदुर्गाबरोबर मराठी आरमार संपलें, हेंही खरें नाहीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांस परत मिळाला व बाणकोट इंग्रजांकडे गेलें. विजयदुर्गास पेशव्यांचा सुभा आरमार उभा राहिला, धुळपांच्या घराण्यानें तो नांवारूपास आणिला, आणि १७८३ च्या ८ एप्रिलास आनंदराव धुळपांनीं रत्नागिरीच्या समुद्रांत निकराची झुंज देऊन 'रेंजर' धरलें. मनुष्यें शूर होतीं, नाविक कुशल होते. तरी या सुभ्याचें आरमार किनाऱ्याचें आरमारच राहिलें, कारण पुण्याच्या तिजोरीवर पहिला हक्क फौजेचा होता. १८१८ त विजयदुर्ग इंग्रजांच्या हातीं गेला तेव्हां या आरमाराची गणना कोणी शत्रु म्हणून विशेष करीत नव्हतें.

कोणी म्हणतील कीं, आमच्याकडे मोठीं जहाजें बांधण्याची विद्याच नव्हती. या आक्षेपास मुंबईची गोदी उत्तर देते. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कसबी. १७३५ च्या सुमारास कंपनीनें त्यांस मुंबईस आणिलें, व १७५० पर्यंत तेथें पहिली कोरडी गोदी तयार झाली. त्यांच्याच वंशजांनीं इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं 'ट्रिंकोमाली' हें १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलें, आणि आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तें उतरल्यावर चोविसाव्या दिवशीं, ५ नोव्हेंबरास, खडकीची लढाई झाली. लाकूड मलबारचें, कारागीर या देशाचे, किनारा हाच. विजयदुर्गापासून मुंबईपर्यंत जें नव्हतें तें एकच : दरसाल न चुकतां येणारा पैसा.

८

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नाहीं, हें सांगण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. १९३९ सालीं जगांत दुसरें महायुद्ध पेटत असतां जीं विमानवाहू जहाजें मोजक्या राष्ट्रांपाशीं होतीं, तसलें जहाज आज आपल्या देशांत बांधलें जातें. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें 'विक्रांत' हें विमानवाहू जहाज नौदलांत दाखल झालें, आणि त्याच समारंभांत शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या निशाणावर आला. याचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु याच जहाजास २००३ सालीं मंजूर झालेला खर्च ३,२६१ कोटी रुपये होता, आणि २०१४ त सुधारलेली मंजुरी १९,३४१ कोटींची झाली. रशियाकडून घेतलेल्या 'विक्रमादित्य' जहाजाच्या दुरुस्तीचा करार २००४ त ९७ कोटी ४० लक्ष डॉलरांचा होता. पुढें किंमत २३५ कोटी डॉलरांवर गेली. जहाज बांधणें वर्षांचें काम आहे आणि तें पाळणें पिढ्यांचें. त्याची नेमणूक आधीं नीट न बांधली तर ती मागाहून दुप्पटतिप्पट होऊन मागावी लागते. आतां पैदास्तीचा मोह राहिलेला नाहीं, पण अपुऱ्या वरातीचा जुना दोष नवीन रूपानें उभा राहूं शकतो. राजमुद्रा निशाणावर आली. तिच्याबरोबर जिवाजी विनायकास गेलेल्या पत्राचीही आठवण ठेवणें इष्ट आहे.

९

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वरील विवेचनांत शिवकालासाठीं आम्हांस दोन पत्रांवर मुख्य भिस्त ठेवावी लागली, आणि आंग्र्यांच्या व धुळपांच्या खर्चाविषयीं पुष्कळ ठिकाणीं अनुमानानें चालावें लागलें. याचें कारण असे कागद नव्हते हें नसून, असे कागद कोणास जपावेसे वाटले नाहींत हें आहे. मोडी रुमाल सोडला म्हणजे आपण सर्वजण प्रथम पाहतों तें शिक्का आहे कीं नाहीं, कोणा मोठ्या पुरुषाचें नांव आहे कीं नाहीं, लढाईची बातमी आहे कीं नाहीं. सुतळी, डांबर, गल्ला, सुताराची मजुरी, खलाशांचा रोजमुरा, अमुक महालावर अमुक रकमेची वरात, असले चिठोरे बाजूस पडतात. आणि बाजूस पडलेला कागद रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं.

कोंकणांतील खोत, देशमुख, कुळकर्णी व बंदरांतील सावकार यांच्या वंशजांकडे जुने हिशेब असतील, तर ते फाडूं वा विकूं नयेत, आणि रुमाल विस्कटूं नयेत. एका रुमालांतील दहा निरर्थक वाटणाऱ्या चिठ्ठ्या क्रमानें राहिल्या तर एका सुभ्याचें एक वर्ष उभें करतां येतें. त्या दहा घरीं वांटल्या गेल्या तर कांहींच उभें राहत नाहीं. विशेषतः दस्तकाच्या पैशाची जमा आणि मुलखावरील वराती एकाच वर्षाच्या मिळाल्या, तर आंग्र्यांच्या आरमाराचे दोन पाय कोणत्या सालीं किती भार सोशीत होते हें आंकड्यांनीं सांगतां येईल, आणि आम्हीं येथें मांडिलेलें मत टिकतें कीं पडतें याचाही निकाल लागेल. तें पडलें तरी आम्हांस खेद नाहीं. पत्र लिहून जहाबाचा जाब मागणाऱ्या राजाच्या आरमाराचा हिशेब त्याच्या वारसांपाशीं असूं नये, याचा मात्र खेद आहे.